सदर-ए-अंजुमन धोंडोपंत

नांदेडात पडदा पाळणाऱ्या घरांना त्या काळी तोटा नव्हता, पण तराजूला पडद्यात ठेवणारा माणूस एकच होता आणि तो आमच्या वजिराबादेत राहत असे. धोंडोपंत मुखेडकरांच्या औषधाच्या दुकानात शिरलं की समोर बाटल्यांची कपाटं दिसत, खलबत्ता दिसे, भिंतीवरचं घड्याळ दिसे. तराजू कुठेच दिसत नसे. तो डाव्या हाताला हिरव्या पडद्याआड होता. पूड जोखायची वेळ आली की पंत पडद्याआड जात, आतून पितळी पारड्यांचा बारीक आवाज येई, आणि पुड्या घेऊन पंत बाहेर येत ते आत काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं.

"मानसानं तराजू बघितला की त्येच्या डोक्यात गूळ येतो," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "गूळ आला की घासाघीस आली. घासाघीस आली की आपण झालो दुकानदार. आन् दवासाज म्हंजे दुकानदार न्हवं."

हे शेवटचं वाक्य पंत दिवसातून किती वेळा म्हणत याची मोजदाद कुणी केली नाही. दवासाज म्हणजे औषध तयार करणारा. डॉक्टरानं चिठ्ठीवर लिहायचं आणि दवासाजानं ते कुटून, मोजून, मिसळून द्यायचं. कचेरीची भाषा उर्दू, म्हणून शब्दही उर्दू. पाटीवर तो तीन लिप्यांत रंगवलेला होता आणि तिन्ही लिप्यांत तो कुणी वाचत नसे.

एखादा खेड्यातला माणूस पायरीवरूनच "ओ दुकानदार" म्हणून हाक मारी. पंत आधी मागे वळून बघत, मग पडद्याआड डोकावत आणि शांतपणे सांगत, "त्या नावाचं हितं कुनी न्हाई. किराणा आळीत बघा." तो बिचारा गोंधळून चालू लागे. पण त्याच्या कडेवर तापलेलं पोर असलं तर पंत अनवाणी त्याच्या मागे धावत आणि दंडाला धरून त्याला परत आणत. औषध देत, पोराच्या कपाळाला हात लावून बघत आणि निघताना बजावत, "पुढच्या बारीला दवासाज म्हणायचं. न्हाई जमलं तर नुसतं पंत म्हणायचं." लोक पंत म्हणत. दवासाज म्हणणं कुणालाच जमलं नाही.

पातळ औषधाच्या बाटलीवर तेव्हा कागदाची पट्टी चिकटवत. पट्टीच्या कडेला कातरीनं खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक खुराक. बाकीचे औषधवाले उभ्या उभ्या कातर चालवून मोकळे होत. पंतांची पट्टी देवघराच्या झालरीसारखी असे, आणि ती कापताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नसे. इस्लापूरकडच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी ही झालर दाखवून सांगितलं, रोज सकाळी एक खाच घ्यायची. म्हाताऱ्यानं रोज सकाळी एक खाच फाडून पाण्याबरोबर गिळली. पट्टी संपल्यावर तो भरलेली बाटली घेऊन परत आला आणि म्हणाला, "पंत, खोकला गेला बगा. ही बाटली तुमची तुमाला."

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. पंतांनी बाटली उजेडाकडे धरून नीट पाहिली आणि मला म्हणाले, "बघून राहिलात का? येळ चुकवली न्हाई म्हाताऱ्यानं. गुण येतो तो शिस्तीचा."

मी त्या वेळी तिथे काय करत होतो, हा प्रश्न वाजवी आहे. मी एका वकिलाकडे मुन्शी होतो आणि पंतांच्या समोरच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. माझा स्वभाव असा, की मला कशातच पडायचं नसतं; आणि ज्याला कशातच पडायचं नसतं त्याला लोक मोकळा समजून सगळ्यात ओढतात. माझं उर्दू अक्षर बरं होतं. पंतांचं उर्दू बाजारातलं, बोलण्यापुरतं. एके दिवशी ते जिना चढून वर आले, पुदिन्याच्या अर्काची एक बाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "मुन्शीजी, आम्ही अंजुमन काढून राहिलो. दवासाजांची. मी सदर. तुम्ही मोतमद."

अंजुमन म्हणजे संघटना, सदर म्हणजे अध्यक्ष, मोतमद म्हणजे चिटणीस, इतकं मला कळत होतं. "पण पंत," मी म्हणालो, "मला कुनैन आणि खायचा सोडा यातला फरक कळत नाही."

"तेच तर बरं हाय. तुमचं कुनाशी भांडण व्हायचं न्हाई."

अंजुमनचे सभासद तीन. एक स्वतः पंत. दुसरा लातूरच्या गंज बाजारातला शिवप्पा. हा गडी अंगानं आडवा, बोलायला गोड आणि प्रत्येक गोष्टीत "जरा सैल ठेवा" म्हणणारा. तिसरा मुदखेडचा व्यंकन्ना. त्याचं दुकान स्टेशनासमोर, त्यामुळे तो कुठल्याही वाक्याच्या मध्येच थांबून गाडीची चाहूल घेत असे, नांदेडात बसूनसुद्धा. नांदेडात आणखी औषधवाले होते, पण ते औषधाबरोबर साबण आणि कंदिलाच्या काचा विकत. पंतांनी त्यांना विचारलंसुद्धा नाही.

निजामी अमलाच्या त्या शेवटच्या वर्षांत चार माणसं एकत्र बसायची म्हटली तरी सरकारला त्यात बंडाचा वास येई. सभेला परवानगी लागे. परवानगीला अर्ज लागे. अर्जात सभेचा विषय लागे. पहिल्या अर्जात पंतांनी माझ्याकडून विषय लिहून घेतला : खोकल्याच्या औषधात मध किती असावा. पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "सिर्फ खाँसी? और कुछ नहीं?"

मी म्हणालो, "सिर्फ खाँसी, साब."

त्यांचा विश्वास बसला नाही. सभेला त्यांनी दोन शिपाई पाठवले. सभासद तीन, चिटणीस एक, शिपाई दोन, अशी आमची सभा पंतांच्या दुकानातल्या बाकावर भरे. त्यातल्या एका शिपायाला पोटाची तक्रार होती. त्याला पंतांनी ओव्याचा अर्क दिला, आणि पुढच्या सभेला तो ड्यूटी नसताना आला. शिपायांना उर्दू लिहिता येत नव्हतं, म्हणून ठाण्यात द्यायचा गुप्त अहवाल ते माझ्याकडूनच लिहून घेत. अंजुमनचं इतिवृत्त आणि अंजुमनवरचा पोलिसी अहवाल असे दोन्ही कागद एकाच दौतीतून निघत. अहवालात मी पंतांना जरा आक्रमक दाखवायचो. तेवढीच त्यांची किंमत वाढावी म्हणून.

आता या सगळ्या खटाटोपाचं मूळ सांगायला हवं. मूळ खुर्चीत होतं.

दरवर्षी हुजुरांच्या सालगिरहला, म्हणजे निजामाच्या वाढदिवसाला, अव्वल तालुकदारांच्या कचेरीत गावातल्या प्रतिष्ठितांची बैठक भरे. अव्वल तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर. तिथे बसण्याची रीत ठरलेली होती. वकील, डॉक्टर, हकीम, मोठे वतनदार खुर्चीवर. व्यापारी आणि दुकानदार खाली सतरंजीवर. खुर्चीवाल्यांना अत्तरगुलाब आधी, सतरंजीला उरलं तर. एके वर्षी पंतांना बोलावणं आलं ते किराणा आणि भुसारवाल्यांबरोबर. पंत गेले. इस्त्रीची शेरवानी घालून, डोक्याला रुमाल बांधून गेले आणि सतरंजीच्या कडेला खांबाशी उभे राहिले. खालून सगळे "बसा की पंत" म्हणत होते, पण पंत काही बसले नाहीत. खुर्ची कुणी दिली नाही आणि सतरंजी त्यांनी घेतली नाही.

खांबाशी असा ताठ उभा राहिलेला माणूस तालुकदारसाहेबांनी पाहिला आणि तो कचेरीतलाच नोकर समजून त्याला पाणी आणायची खूण केली. मी वकीलसाहेबांबरोबर गेलो होतो, मागे बसून हे बघत होतो. पंत गेले, पाणी घेऊन आले आणि पेला पुढे धरून अदबीनं म्हणाले, "हुजूर, गाळून आणलंय. मी दवासाज आहे." साहेब पाणी प्यायले आणि पेला परत दिला.

बाहेर आल्यावर मी काही बोलण्याच्या आधी पंतच म्हणाले, "बघितलंत? सरकारच्या कानावर शब्द गेला."

त्या दिवसापासून खुर्ची हा अंजुमनचा एकमेव कार्यक्रम झाला. खोकला मागे पडला. दवासाजाचा पेशा वकिलीसारखा, डॉक्टरकीसारखा पेशा मानावा, सरकारनं लायक दवासाजांना सनद द्यावी आणि सनदवाल्याला सालगिरहला खुर्ची द्यावी, असे अर्ज मी लिहीत सुटलो. पंत मजकूर सांगत, मी त्यातला राग काढून उर्दू घालत असे. हैदराबादेच्या तबाबत खात्याकडे, म्हणजे औषधपाण्याच्या सरकारी खात्याकडे, ते अर्ज जात आणि विहिरीत खडा टाकावा तसे नाहीसे होत. पंत मात्र रोज टपालवाल्याला रस्त्यातच गाठत. टपालवाला पुढे पुढे मागच्या गल्लीनं जाऊ लागला.

खुर्चीच्या वाटेत पंतांना खरा शत्रू दिसे तो अत्तार. अत्तार म्हणजे जडीबुटी, मुरंबे, सुरमा आणि सुगंधी तेलं विकणारा. गावातल्या इतवारा पेठेत त्यांची ओळच्या ओळ होती, जमिनीवर गादी घालून आणि भोवती डबे मांडून. त्यांचं कुणाशी वैर नव्हतं. पण सरकारी दवाखान्यातले डॉक्टरसाहेब, जे मूळचे हैदराबादचे आणि थट्टेखोर होते, त्यांनी पंतांना एकदा चारचौघांत म्हटलं होतं, "पंतजी, आप कितना भी कोट पहनो, आखिर हो तो अत्तार ही." सगळे हसले होते. पंतही हसले होते. पण दुकानात परत आल्यावर त्यांनी पडद्याची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधली. पुढे अत्ताराचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढे. "अत्तार अंदाजानं देतो. मूठभर घे, चिमूटभर घे. ह्येला काय दवा म्हणत्यात? अत्तार येगळा, दवासाज येगळा. सरकारला हे कळलं पाहिजे."

मग एक दिवस विहिरीतून आवाज आला. तबाबत खात्याचं उत्तर होतं. खात्याचे एक साहेब दौऱ्यावर नांदेडला येणार होते, शेजारच्या जिल्ह्यातल्या दवासाजांनाही तिथेच बोलवावं असं त्यात होतं, आणि लायक दवासाज कोणाला म्हणावं याचे नियम अंजुमननंच आधी सुचवावेत असंही होतं. पंतांनी ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, पुन्हा वाचून घेतलं, मग व्यंकन्ना आणि शिवप्पा आल्यावर तिसऱ्यांदा वाचून घेतलं. गावात कुणाला मुलगा झाला असता तरी इतके पेढे वाटले गेले नसते.

नियम करायला आम्ही बसलो. शिवप्पा त्याच्या सवयीनं म्हणाला, "पंत, जरा सैल ठेवा. किती वर्सं औषधं बनवून राहिला, येवढं बघावं आन् सोडावं."

"सैल ठिवलं की अत्तार शिरतो," पंत म्हणाले. "ल्ह्या मुन्शीजी. अत्तार, किराणावाला, भुसारवाला न्हाई चालणार. दवासाज त्योच, जो सनदी डॉक्टराच्या हाताखाली शिकला. उस्ताद कोण, हे त्यानं भर कचेरीत सांगायचं. चोरून न्हाई. आन् वकिलांच्या सनदेला जसा चपराशी पुकारा करतो, तसा पुकारा व्हायचा. नाव, बापाचं नाव, गाव, उस्ताद, आन् मंजूर का नामंजूर."

"नामंजूरचाबी पुकारा?" व्यंकन्नानं विचारलं.

"नामंजूरचाबी. कायदा म्हंजे कायदा."

व्यंकन्ना रेल्वेच्या दवाखान्यात शिकलेला, शिवप्पा सोलापूरकडच्या एका मोठ्या डॉक्टराकडे. दोघांकडे तसे दाखलेही होते. त्यामुळे त्यांची हरकत नव्हती. मी मजकूर उर्दूत उतरवला आणि स्वच्छ प्रत सावकाश वाचून दाखवली. वाचून झाल्यावर पंत हातातली कातर नुसतीच उघडमीट करत बसले. मला वाटलं, दमले असतील. मग म्हणाले, "ठीक हाय. जाऊ द्या हैदराबादला."

पंत स्वतः कुणाकडे शिकले, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "उस्ताद लई मोठा मानूस होता. वारला." आणि बाटल्या पुसायला लागत. मी मनाशी एक उंचापुरा, चष्मेवाला हैदराबादी डॉक्टर उभा केला होता. ज्या माणसाला खुर्चीची एवढी ओढ, त्याचा उस्ताद खुर्चीवरच बसलेला असणार.

साहेब यायच्या आदल्या दुपारी सरकारी डॉक्टर दुकानात आले. माणूस थट्टेखोर असला तरी मनानं वाईट नव्हता. त्यांनी सरळच विचारलं, "पंतजी, आपके उस्ताद का कोई कागज है?"

"न्हाई," पंत म्हणाले.

"उनका नाम सरकारी रजिस्टर में मिलेगा?"

"न्हाई मिळणार."

डॉक्टरांनी टोपी मांडीवर ठेवली आणि आवाज खाली आणला. "तो मेरा नाम बोल दो. मैं वहीं बैठा रहूँगा. साहब पूछेंगे तो सर हिला दूँगा. इतने साल से मेरे नुस्खे बना रहे हो, झूठ भी कितना होगा? आधा."

पंतांनी हात जोडले. "मेहेरबानी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही सगळे निर्धास्त झालो. शिवप्पा लातूरहून मोटारीनं आलेला होता. तो म्हणाला, "बघा पंत, डॉक्टरांनी सैल सोडलं म्हणून भागलं." पंतांनी शिवप्पाच्या आणि माझ्या शेरवानीच्या गुंड्या तपासल्या आणि व्यंकन्नाला बजावलं, की उद्या गाडीची शिट्टी झाली तरी मान वळवायची नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी गच्च भरली. पुकारा होणार म्हटल्यावर गावाला तमाशाच मिळाला. साबण विकणारे औषधवाले पुढेच बसले होते, इतवाऱ्यातले दोन-चार अत्तारही दाराशी उभे होते. आपल्याला कशातून वगळलं जातंय ते तरी बघावं, इतक्याच कुतूहलानं. वरच्या बाजूला तालुकदारसाहेब, शेजारी हैदराबादचे साहेब, पलीकडे आमचे डॉक्टर. आणि भिंतीला लागून तीन रिकाम्या खुर्च्या. त्या मुद्दाम मांडल्या होत्या. ज्याला मंजुरी मिळेल त्यानं तिथे जाऊन बसायचं, हेही पंतांनीच अर्जात सुचवलं होतं.

शिवप्पाला विचारलं, उस्ताद कोण. त्यानं नाव सांगितलं, दाखला दाखवला. चपराशानं खणखणीत पुकारा केला, शेवटी "मंजूर" म्हणाला आणि शिवप्पा जाऊन खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली. मग व्यंकन्ना. नेमकी त्याच वेळी गाडीनं शिट्टी दिली, पण त्यानं मान वळवली नाही. फक्त उस्तादाचं नाव जरा घाईत सांगितलं. मंजूर.

मग पंत उभे राहिले. हैदराबादच्या साहेबांनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. एवढे अर्ज पाठवणारा माणूस कसा दिसतो, याची त्यांना उत्सुकता असणार. "सदर साहब," ते हसून म्हणाले, "आपके उस्ताद?"

डॉक्टरांनी घाईनं, नाव यायच्या आधीच, मान हलवून ठेवली.

पंतांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग समोर बघून म्हणाले, "मरहूम दादामियाँ."

"डॉक्टर दादामियाँ?" साहेबांनी कागदावर लेखणी टेकवत विचारलं.

"जी न्हाई, हुजूर. अत्तार. इतवाऱ्यातले दादामियाँ अत्तार."

साबणवाल्यांपैकी एक जण हसला आणि लगेच थांबला. डॉक्टर खाली बघत होते. साहेबांनी कागद उलटून पाहिले आणि अडखळत म्हणाले, "लेकिन ये कलम... ये तो आप ही का लिखा हुआ है."

"जी हुजूर. मीच लिवलं."

"तो फिर?"

"तर नामंजूर करा, हुजूर," पंत म्हणाले. "पण पुकारा व्हायला पायजे. कायद्यात तसं हाय."

साहेब थोडा वेळ थांबले. पंत उत्तर बदलतील अशी त्यांना आशा असावी. मग त्यांनी चपराशाला मान हलवून खूण केली. चपराशी छाती भरून ओरडला, "धोंडोपंत वल्द रामभट, साकिन मुखेड, शागिर्द-ए-मरहूम दादामियाँ अत्तार, साकिन इतवारा, नांदेड... नामंजूर!" दाराशी उभ्या असलेल्या अत्तारांपैकी एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो भिंतीला टेकला.

पंतांनी साहेबांना वाकून सलाम केला आणि ते बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. मला राग आला होता. मला सहसा राग येत नाही, तो माझ्या प्रकृतीला मानवत नाही. पण त्या दिवशी आला. इतके अर्ज लिहून माझी बोटं वाकडी झाली होती. उन्हात भरभर चालत त्यांना गाठलं आणि म्हणालो, "हे काय केलंत? एक नाव तर घ्यायचं होतं! डॉक्टर स्वतःहून द्यायला तयार होते!"

"भला मानूस हाय डॉक्टर," पंत म्हणाले.

"मग?"

ते चालतच राहिले. इतवाऱ्याच्या वळणावर आल्यावर एका ओट्यापाशी थांबले. ओट्यावर आता एक शिंपी बसत होता. "हितं दुकान होतं त्यांचं," पंत म्हणाले. "पटकीत माझे आई-बाप एका हप्त्यात गेले. चुलत्यानं नांदेडला आणून सोडलं आन् त्यो परत गेला. भिक्षुकाचं पोर मी. ह्या ओट्यावर बसून रडून राहिलो होतो. दादामियाँनी इचारलं, लिहिता येतं का? मी म्हटलं, येतं. म्हणाले, मग डब्यांवर नावं लिही. लिहिता लिहिता दवा शिकलो. कुटायचं कसं, गाळायचं कसं, इखार कुठला आन् दवा कुठली, समदं त्यांनी शिकवलं. त्यांची बिबी माझ्यासाठी येगळी घागर ठेवायची. ब्राह्मणाच्या घरून पाणी भरून आणवायची तिच्यात. स्वतः हात लावायची न्हाई, दुसऱ्याला लावू द्यायची न्हाई. पोराचा धरम जाऊ नये म्हणायची. मला कळतबी नव्हता तवा धरम."

शिंपी मशीन थांबवून आमच्याकडे बघत होता.

"त्यांना लेकरू न्हाई झालं. आधी बिबी गेली, मागून ते गेले. मातीला मी होतो, लांब उभा. पुढं हे डॉक्टर लोक आले, अत्तार म्हणून हसायला लागले. मग मी नावच घेणं सोडलं. कलमातबी लिवलं, अत्तार नको. माझ्याच हातानं लिवलं, मुन्शीजी. तुम्ही वाचून दाखवलं तवा कळलं की मी कुनाला हाकलून राहिलो." पंतांनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. "आज डॉक्टरचं नाव घेतलं असतं तर खुर्ची मिळाली असती. पर त्या म्हाताऱ्याचं नाव परत घेणारं जगात दुसरं कोण हाय?"

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी त्यांचा चिटणीस होतो आणि ते माझ्याकडे अर्काच्या बाटल्या पाठवणारे शेजारी होते. मी नुसता उभा राहिलो.

"तुम्ही मागं बसला होता," पंत जरा वेळानं म्हणाले. "शेवटपस्तोर ऐकू आलं ना नीट? अत्तार म्हणलेलं?"

"सगळं ऐकू आलं," मी म्हणालो.

"माझ्या कानात नुसता घुमारा भरला होता. कसं पुकारलं ते मला ऐकूच आलं न्हाई."

ते माझ्याकडे बघत राहिले. आधी त्यांना काय हवंय ते मला कळेना. मग कळलं. मी आजूबाजूला पाहिलं. भर बाजार होता, शिंपी होता, येणारेजाणारे होते. मी आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्यानं बोललो नव्हतो. मी छाती भरून घेतली आणि चपराशासारखा आवाज काढून त्या ओट्यासमोर ओरडलो, "धोंडोपंत वल्द रामभट, साकिन मुखेड, शागिर्द-ए-मरहूम दादामियाँ अत्तार, साकिन इतवारा, नांदेड!"

शेवटचा शब्द मी गाळला. पंतांनी तो विचारला नाही.